विनंती थांबा

बसला अखेर कायमची जागा मिळाली. चौदा नंबर. सहाच्या सहा चाकं पिवळ्या पट्ट्यांच्या आत, कागदावर गोल शिक्का, आणि शिक्क्याच्या मधोमध एकच शब्द... 'कायम'.

शेवट सांगून झाला. आता असं काही घडलंच नाही असं धरून चला.

जागा खात्यानेही तेच धरलं आहे. त्यांच्या फायलीत दोन कागद आहेत. ते एकमेकांशी जुळत नाहीत. म्हणून त्यांनी दोन्ही कागदांना मिळून एक टाचणी लावली आणि विषय मिटवला.

पण गोष्ट खरी आहे. खोटी असती तर मी तिला जरा बरा शेवट दिला असता.

आणि ही रात्रीची गोष्ट नाही. बुधवार होता. दुपारचे चार वाजून दहा मिनिटं. जागा, पाण्याच्या जुन्या टाकीमागचं मैदान. लख्ख ऊन पडलं होतं. घाबरायला अजिबात सोयीची वेळ नव्हती.

हे घडलं माझ्या मावसभावाच्या बाबतीत. घरात त्याला स्टेपनी म्हणतात. लग्नाला अकरा वर्षं होऊन, सगळ्यांनी आशा सोडल्यावर तो जन्माला आला. त्याचे बाबा डॉक्टरीणबाईंना म्हणाले, चला, एक स्टेपनी तरी मिळाली. त्याला कागदोपत्री चांगलं नाव आहे, पण त्या नावाने हाक मारली तर तो मागे वळून बघतो की हे कोण.

बाबा बसचे ड्रायव्हर. आई त्याच बसवर कंडक्टर. तेवीस वर्षं एकच गाडी, एकच रूट, आणि दोघांच्या मध्ये बावन्न सीटचं अंतर. ती मागे, ते पुढे. बोलणं सगळं घंटीच्या दोरीवरून.

टिंग... म्हणजे थांब.

टिंग टिंग... म्हणजे चल. हिलाच डबल म्हणतात. डबल आल्याशिवाय ड्रायव्हरने गाडी हलवायची नाही. मागे कोण चढतंय, कोण उतरतंय, कुणाचा एक पाय अजून रस्त्यावर आहे, हे ड्रायव्हरला दिसत नाही. कंडक्टरला दिसतं.

आणि टिंग टिंग टिंग... म्हणजे गाडी भरली. आता पुढे कुणीही हात केला तरी थांबू नकोस.

घरीही हीच भाषा. आई वाढत असली की बाबा चमच्याने वाटीवर एकदा वाजवायचे. बास. दोनदा वाजवलं की येऊ दे अजून. पोट भरलं की तीनदा. लहानपणी त्यांच्याकडे जेवून जेवून मला वाटायचं की सगळीकडेच असं जेवतात. एकदा एका लग्नात मी तीनदा वाजवलं, तर वाढप्याने विचारलं, काय पाहिजे?

बाबा आणि बस एकाच दिवशी रिटायर झाले. बाबांसाठी भाषण झालं, बससाठी झालं नाही. त्याच महिन्यात आईनेही राजीनामा दिला. दुसऱ्या ड्रायव्हरला डबल द्यायला तिचा हात वळेना. मग स्टाफ क्वार्टर सोडावं लागलं. तिकडे बस भंगारात निघाली होती. बाबांना दोन्ही प्रश्न एकाच चाकावर बसलेले दिसले. त्यांनी बस विकत घेतली.

तिला घर करायला दोन महिने लागले. शेवटच्या लांब सीटवर आई-बाबांचा पलंग. मध्ये ओटा आणि सिंक. सतरा-अठरा नंबरच्या सीटवर स्टेपनी. पाट्या आईने काढू दिल्या नाहीत. 'चालकाशी बोलू नये' ही पाटी तर मुळीच नाही. भांडण झालं की ती त्या पाटीकडे बोट दाखवायची आणि दोन दिवस नियम पाळायची.

घंटीची दोरीही तशीच ठेवली. मागच्या दारापासून पुढे बाबांच्या डोक्यापर्यंत.

घर मिळालं. घर ठेवायला जागा मिळेना.

नियम असा, की गाडी एका जागी तीन दिवस उभी राहू शकते. चौथ्या दिवशी ते अतिक्रमण. घर म्हणून नोंदवायला गेलं की खिडकीवरचा माणूस म्हणायचा, याला चाकं आहेत. वाहन म्हणून नोंदवायला गेलं की म्हणायचा, याच्यात सिंक आहे. स्टेडियमच्या मागे राहिले, तिथे सामना लागला. इस्पितळाच्या भिंतीला लागून राहिले, तिथे भिंतच पाडली. एका गल्लीत सहा तास राहिले. तिथल्या बाईंनी तक्रार केली की बसची सावली कुंड्यांवर पडते. बाबांनी विचारलं, सावली कुठे लावू? या प्रश्नाची तक्रार त्यांच्यावर वेगळी लागली.

यातली गंमत म्हणजे स्टेपनी रबरी शिक्के बनवतो. एका बोळात छोटं दुकान आहे, तिथे तो कामाला आहे. 'पावती मिळाली', 'नामंजूर', 'मूळ प्रतीप्रमाणे बरोबर'. जागा खात्याचा 'कायम' हा गोल शिक्काही त्याच्याच हातचा. 'य' ची दांडी जरा जाड आली होती, ती त्याने पुन्हा कोरून दिली. मी त्याला म्हटलं, अरे मग द्यायच्या आधी स्वतःच्या कागदावर एकदा मारून घ्यायचा की.

तो म्हणाला, आईला कळलं असतं.

आईला कळलं असतंच. ती स्वतःच्या मुलालासुद्धा तिकीट फाडायची. शाळा सुटली की तो तिच्या बसने घरी यायचा. ती सीटच्या दांडीवर चिमट्याने टकटक करत यायची... तिकिटाला भोक पाडतात तो चिमटा... आणि त्याच्यापुढे हात करायची. आईला भेटायचं तर अर्धं तिकीट काढावं लागणारा हा माझ्या ओळखीतला एकच मुलगा.

आता ते सांगतो, जे सांगायचं मी टाळतोय.

मागच्या थंडीत ते टाकीमागच्या मैदानात, चौदा नंबरच्या जागेवर उभे होते. चौथा दिवस लागला होता. आईला दोन दिवस ताप येऊन गेला होता. म्हणून आणखी दोन दिवस मागायला ती स्वतःच खात्यात गेली, जाताना पाण्याचा रिकामा कॅन घेऊन. येताना भरून आणते म्हणाली.

चार वाजता क्रेन आली.

मैदानाच्या रखवालदाराला सगळे शिट्टी म्हणायचे. माणूस वाईट नव्हता, त्याच्याकडे फक्त शिट्टी होती. तो म्हणाला, आता हलवा, एक चक्कर मारून या, पाच मिनिटांत क्रेन गेली की परत लावा. बाबा म्हणाले, कंडक्टर खाली गेलीय.

शिट्टी हसला. क्रेनवालाही हसला. क्रेनचा आकडा बसच्या पुढच्या बंपरकडे येत होता.

स्टेपनी मागच्या दारात उभा होता. त्याने दोरी ओढली.

टिंग टिंग.

बाबांनी गाडी घेतली.

चार वाजून दहा मिनिटं झाली होती. पाच मिनिटांची चक्कर. पण पुढचा रस्ता एकेरी निघाला, त्याच्या पुढचा खोदलेला निघाला, आणि एवढी मोठी बस वळवायला जागा मिळेपर्यंत पावणेदोन तास गेले.

ते परत आले तेव्हा आई तिथेच बसली होती. चौदा नंबरच्या रिकाम्या जागेसमोर, पाण्याच्या कॅनवर. रस्त्याकडे तोंड. उजवा हात अर्धवट वर. विनंती थांब्यावर करतात तसा. विनंती थांबा म्हणजे जिथे हात केला तरच गाडी थांबते, नाहीतर सरळ निघून जाते.

कॅन भरलेला होता.

डॉक्टर म्हणाले, हृदय थकलं होतं, कुठेही असत्या तरी हे झालंच असतं. 'झालंच असतं' या शब्दांनी कुणाला बरं वाटल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

पुढचे आठ महिने बस दर तीन दिवसांनी हलत राहिली. डबल द्यायचं काम स्टेपनीकडे आलं. बाबा त्याला त्या दिवसाबद्दल एक अक्षर बोलले नाहीत. फक्त एक फरक पडला. दोन घंटा झाल्या की ते आरशात बघायचे आणि विचारायचे...

"सगळे चढले?"

तेवीस वर्षांत त्यांना हे कधी विचारावं लागलं नव्हतं.

बाबांचे गुडघे गेले होते. क्लच दाबताना ते ओठ चावायचे. स्टेपनीला गाडी चालवता येत नाही. ड्रायव्हरचा मुलगा असून, हो. तो रात्रंदिवस एकच गोष्ट मागत होता. बाबांना पुन्हा कधी क्लच दाबावा लागणार नाही अशी एक जागा.

त्याने एकोणीस अर्ज केले. एकोणिसाव्याला उत्तर आलं. जागा मंजूर. अट अशी, की तीस दिवसांच्या आत वाहन पट्ट्यांच्या आत उभं असावं. तिसाव्या दिवशी चार वाजता तपासनीस येईल. वाहन चालू स्थितीत आहे हे दाखवायला ते स्वतःच्या इंजिनावर हललं पाहिजे, आणि मग पुन्हा कधीही हलता कामा नये. नाहीतर भंगार.

खाली जागेचं नाव होतं. टाकी मैदान. नंबर चौदा.

स्टेपनी म्हणाला, बाबा, मी दुसरीकडे अर्ज करतो. बाबांनी कागद हातात घेतला, चष्मा लावून दोनदा वाचला, घडी करून खिशात ठेवला.

"बरं झालं," ते म्हणाले. "तिथे ती आहे."

बस मैदानाच्या फाटकातून आत आली तेव्हा स्टेपनी पाण्याचा ड्रम धरून मधल्या वाटेत उभा होता. दोन्ही हातांनी. हे महत्त्वाचं आहे, म्हणून सांगतो. दोन्ही हात ड्रमला होते.

चौदा नंबर अकरा फुटांवर होता...

टिंग.

एकच.

बाबांनी ब्रेक लावला. विचार करून नाही, पायाने आपोआप. मग त्यांनी दरवाजाचा दांडा ओढला. दरवाजा नेहमीसारखा उसासा टाकून उघडला.

बाहेर कुणी नव्हतं. ऊन होतं.

बस डाव्या बाजूला जराशी खाली दबली...

आणि पुन्हा वर आली. पायरीवर कुणी पाय देऊन आत यावं तशी.

ड्रममधलं पाणी हललं. स्टेपनीच्या दंडाजवळून गार हवा गेली. गर्दीत कुणी 'जरा सरका' म्हणत जावं, तसा तो नकळत बाजूला सरकला.

बाबा आरशात बघत होते.

"उशीर झाला गं," ते म्हणाले.

मग ते डबलची वाट बघत बसले. पाच मिनिटं. दहा मिनिटं. डबल आली नाही. त्यांनी इंजिन बंद केलं.

आणि बस तिथेच राहिली. कायमच्या जागेपासून अकरा फूट अलीकडे.

दुसऱ्या दिवशीही डबल आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. स्टेपनीने हातापाया पडून सांगितलं की बाबा, फक्त अकरा फूट आहे. बाबा म्हणाले, रुसलीय, रुसू दे, तिचा हक्क आहे. एकदा स्टेपनीने स्वतःच दोरी ओढली. टिंग टिंग. बाबांनी मान वळवली नाही.

"तुझी नको," एवढंच म्हणाले.

त्याने एक ट्रकवाला आणला. ट्रकवाल्याने किल्ली फिरवली. इंजिन गप्प. त्याने बॅटरी बघितली, डिझेल बघितलं, शेवटी इंजिनाला दोन शिव्या देऊन बघितल्या. बाबा सात नंबरच्या सीटवर प्रवाशासारखे खिडकीबाहेर बघत बसले होते. ट्रकवाला गेल्यावर त्यांनी ते इंजिन एका किल्लीत चालू करून दाखवलं आणि बंद केलं. मग शिट्टीने सहा माणसं जमवली आणि ढकलायला लावली. बस हलली नाही, एकाची पाठ तेवढी धरली.

संध्याकाळ वेगळीच होती.

सात वाजता, आतले दिवे लागले की, मागून आवाज यायचा...

टक टक.

चिमटा दांडीवर वाजल्याचा. शेवटच्या सीटपासून. मग पुढची सीट. टक टक. मग त्याच्या पुढची.

आवाज सतरा-अठरापाशी यायचा आणि थांबायचा.

स्टेपनी उशीत तोंड घालून पडलेला असायचा. आवाज थांबला आहे, म्हणजे कुणीतरी उभं आहे. हात पुढे करून. तिकिटासाठी... किंवा आणखी कशासाठी.

बराच वेळ.

मग टक टक करत पुढे दरवाजापर्यंत जायचा आणि तिथे संपायचा. बाबांपाशी कधीच थांबायचा नाही. ड्रायव्हरला तिकीट नसतं.

सकाळी सतरा नंबरखाली कागदाच्या बारीक गोल टिकल्या पडलेल्या असायच्या. भोक पाडल्यावर पडतात त्या. स्टेपनी झाडून काढायचा. दुसऱ्या दिवशी पुन्हा. चिमटा आईच्या पेटीत, पेटी कपाटात, कपाटाला कुलूप, आणि कुलपाची किल्ली त्याच्या गळ्यात. त्याने मला हे सांगितलं तेव्हा मी हसलो होतो. त्याने एक काडेपेटी पुढे केली. काडेपेटी टिकल्यांनी गच्च भरली होती.

एकोणतिसावा दिवस उजाडला. मावळला.

सात वाजता टक टक सुरू झालं. बाबा पुढे स्टिअरिंगवर हात ठेवून बसले होते, रोजच्यासारखे. आवाज मागून आला. सतरा-अठरापाशी येऊन थांबला.

त्या दिवशी स्टेपनी उठून बसला. समोर काहीच नव्हतं. दांडी, आणि दांडीवर दिव्याचा उजेड.

"आई," तो म्हणाला, "डबल मी दिली होती. तू चढली नव्हतीस, ते मला माहीत होतं. क्रेनचा आकडा लागला असता, म्हणून दिली. बाबांचा दोष नाही. त्यांनी घंटीवर गाडी घेतली."

काही झालं नाही.

मग पुढून बाबा बोलले. मागे न वळता.

"मला आरशात दिसत होतं. दोरीवर हात तुझा होता." ते थांबले. "ती चढलेली नाही, हे मलाही माहीत होतं. तरी घेतली."

इतके महिने बापलेक एकाच बसमध्ये झोपले, एकाच ताटलीत जेवले, आणि दोघांनीही एकच गोष्ट एकमेकांपासून लपवून ठेवली होती. बसमध्ये वस्तू ठेवायला जागा कमी असते. तरी एवढी मोठी गोष्ट मावली.

टक टक.

आवाज पुढे गेला. पण दरवाजापाशी संपला नाही. बाबांच्या सीटपर्यंत गेला, आणि पहिल्यांदाच तिथे थांबला. रात्री ते दोघे काय जेवले ते स्टेपनीला आठवत नाही. एवढंच आठवतं, की बाबांनी वाटीवर चमचा तीनदा वाजवला.

सकाळी सतरा नंबरखाली टिकल्या नव्हत्या.

तिसावा दिवस. बुधवार.

दुपारी दोनला बाबा जेवले, ड्रायव्हरच्या सीटवर जाऊन बसले, आणि स्टेपनीला म्हणाले, तू खाली थांब, साहेब येतील. चार वाजता तपासनीस आला. उन्हाने लाल झालेला, गळ्यात मोजपट्टी टाकलेला माणूस. त्याने पट्टीचं एक टोक स्टेपनीच्या हातात दिलं, दुसरं टोक घेऊन बसपासून पिवळ्या रेषेपर्यंत गेला, आणि वहीत लिहिलं, अकरा फूट बाहेर. मग म्हणाला, हलणार असेल तर आत्ता हलवा, मला अजून तीन ठिकाणी जायचंय. शिट्टीही तिथेच होता. तिघेही खाली. बसमध्ये फक्त बाबा. काचेतून त्यांची टोपी दिसत होती.

स्टेपनीने हाक मारली. टोपी हलली नाही. डोळा लागला असेल, त्याला वाटलं.

चार वाजून नऊ मिनिटं.

तपासनिसाने वही मिटायला घेतली...

टिंग टिंग.

शिट्टीने ऐकलं. तपासनिसाने ऐकलं. स्टेपनीने तर मोजलं. दोन.

इंजिन चालू झालं. एका किल्लीत. बस दुसऱ्या गियरला घोड्यासारखी खिंकाळायची, पहिल्याला नाही. ती न खिंकाळता निघाली, इतकी हळू की चाकाखालचा खडाही उडाला नाही. पट्टी स्टेपनीच्या हातातून सरकत गेली. पाच फूट... आठ... अकरा.

टिंग.

बस थांबली. इंजिन बंद झालं. दोन्ही बाजूंना पिवळ्या पट्टीपासून बरोबर वीतभर अंतर. तपासनीस म्हणाला की त्याच्या नोकरीत त्याने इतकी सरळ लावलेली गाडी पाहिली नाही. त्याने लिहिलं, 'वाहन चालकाने आमच्या समक्ष नियमानुसार हलवले,' आणि मांडीवर कागद ठेवून शिक्का मारला.

कायम. जाड नसलेल्या दांडीचा 'य'.

स्टेपनी कागद घेऊन वर चढला. "झालं, बाबा," म्हणाला, आणि त्यांच्या हातावर हात ठेवला.

हात थंड होता.

डॉक्टर आले. त्यांनी लिहिलं, मृत्यू दुपारी अडीचच्या सुमारास.

हेच ते दोन कागद.

बाबांचा चष्मा समोर काचेपाशी ठेवलेला होता. काड्या घडी करून. हे स्टेपनीने कुणालाच सांगितलं नाही, मला सोडून. बाबा चष्म्याशिवाय कधीच गाडी चालवायचे नाहीत. त्यांना पिवळी पट्टी दिसलीच नसती.

तर, जागा मिळाली. आता बसला कुणी उठवत नाही. पत्त्याच्या रकान्यात लिहायला पत्ता आहे. शिट्टी रोज सकाळी येऊन विचारतो, काही हवंय का. शिट्टी वाजवणं त्याने सोडलं आहे. ज्याच्यासाठी जागा मागितली तो माणूस तेवढा राहिला नाही.

आणि बसमध्ये आवाज नाही. टक टक नाही. दोरी जागच्या जागी. स्टेपनी म्हणतो, मला आधी वाटलं होतं की आवाजाची भीती वाटते.

मग दुसऱ्या आठवड्यातली सुट्टी. दुपारी तो ओट्यापाशी भांडी घासत होता. चार वाजून दहा मिनिटांनी...

रस्त्यावरून बस आली.

दुसऱ्या गियरची ती खिंकाळी. जगात तसा आवाज एकाच गाडीचा आहे, आणि त्या गाडीत तो उभा होता. त्याने इंजिनाच्या झाकणावर हात ठेवला. गार.

आवाज जवळ येत होता.

त्याने चष्मा उचलला आणि पळत फाटकापाशी गेला. रस्ता रिकामा. एक कुत्रं, एक वर्तमानपत्राचा कागद. कुत्रं उठून बाजूला झालं. आवाज अगदी समोर आला.

स्टेपनीने हात वर केला.

आवाज मंदावला... ब्रेक लागल्याची कुरकुर झाली... डिझेलचा वास आला... आणि तेवढ्यात...

टिंग टिंग टिंग.

तीन.

आवाज पुन्हा वाढला आणि वळणावरून निघून गेला.

बावन्न सीटची बस. आत माणसं दोन. आणि कंडक्टर म्हणाली, गाडी भरली.

उभ्या नोकरीत आई ड्युटीवर एकदाही खोटं बोलली नव्हती.

तेव्हापासून रोज हेच. दुकानातून तो चारच्या आत पळत येतो. मालकाने विचारलं, रोज कुठे जातोस? तो म्हणाला, बस गाठायची असते. मालकाला त्यात काही वावगं वाटलं नाही. रोज तो चष्मा घेऊन उभा राहतो, हात करतो, गाडी मंदावते. रोज तीन घंटा.

स्टेपनीचं म्हणणं असं, की आईचा नियम पक्का आहे. फाटकासमोर थांबा नाही, तर गाडी उभी करता येत नाही, म्हणून ती काहीतरी कारण देते. थांबा मंजूर झाला तर कारण उरणार नाही.

ती कारण का देते ते मला कळतं, आणि त्यालाही कळतं.

मागच्या बुधवारी मी त्याच्याबरोबर उभा राहिलो. मला काहीही ऐकू आलं नाही. खरंच नाही. पण चार वाजून दहा मिनिटांनी रस्त्यावरचं कुत्रं उठून बाजूला झालं... आणि मी पाहिलं, तर माझाही हात वर होता.

घरी आल्यावर शर्टाच्या खिशात कागदाची एक गोल टिकली सापडली. ती मी काडेपेटीत ठेवली आहे.

त्याने अर्ज दिला आहे. खिडकीवरच्या माणसाने तो घेतला, वाचला, आणि स्टेपनीनेच बनवलेला 'पावती मिळाली' हा शिक्का मारला. नक्कल माझ्याकडे आहे. ती खाली देतो.

*

प्रति,
मा. थांबे मंजुरी अधिकारी यांस,

विषय : टाकी मैदान फाटकासमोर विनंती थांबा मिळणेबाबत.

महोदय,

वरील विषयास अनुसरून कळवण्यात येते की, सदर रस्त्याने रोज दुपारी ४ वाजून १० मिनिटांनी एक बस जाते. बस दिसत नाही. तिचे चालक व वाहक हे दोघेही नियमाचे पक्के असून मंजूर थांब्याशिवाय गाडी उभी करीत नाहीत.

चालकाचा चष्मा अर्जदाराकडे राहिला आहे. त्यांना लांबचे दिसत नाही.

अर्जदारास गाडीत चढावयाचे नाही. तशी लेखी हमी सोबत जोडली आहे. ती वाहकास वाचून दाखवण्यात यावी, म्हणजे त्यांची खात्री पटेल.

तरी सदर ठिकाणी फक्त एक मिनिटाचा विनंती थांबा मंजूर व्हावा, ही विनंती.